एकाच नावाचे दोन उतार

खोलीत सहा टेबलं होती, सात खुर्च्या, एक फळा, एक कपाट आणि कोपऱ्यात वीतभर उंच चौथऱ्यावर ठेवलेलं एक जुनं मशीन. टेबलांवर चार स्क्रीन होते, त्यांतला एकच रोज उजळायचा. चहाचे कप आठ, त्यांतले दोन कानतुटके. खुंटीवर एक रेनकोट लटकत होता. तो कोणाचा, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं. माणूस मात्र एकच, तिसऱ्या टेबलाशी खिडकीकडे पाठ करून बसलेली ती.

ती इथे रुजू झाली तेव्हा सहाही टेबलं भरलेली होती आणि सातवी खुर्ची ओढून कोणी ना कोणी कोणाच्या तरी शेजारी बसलेलं असायचं. मग एकेक जण गळत गेला. एकीला समुद्राच्या सर्वेक्षणात जागा मिळाली, एक नकाशेवाले आजोबा निवृत्त झाले, एकाने लग्न केलं आणि बायकोच्या गावी दुकान काढलं, एक जण कुठे गेला ते नीट कळलंच नाही. सर मुख्य इमारतीत बसत आणि सही हवी असली की सही पाठवून देत. शेवटचे गेले आखूडराव.

आखूडराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. त्यांना सगळं आखूड लागायचं. वाक्य आखूड, सुट्टी आखूड, शर्टाच्या बाह्या आखूड. आणि मशीनला द्यायची आज्ञा तर अशी आखूड की नवख्या माणसाला वाटावं, किबोर्डावर चुकून कोपर टेकलं. कोणी फोल्डरचा लांबलचक पत्ता टाईप करताना दिसलं की ते मागून येऊन म्हणायचे, "बोटं काय भाड्याने आणलीत?"

या मशीनवर माऊसचा उपयोग नव्हता. काळा स्क्रीन, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि काय करायचं ते आपण टाईप करून सांगायचं. एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायचं तर 'सीडी' लिहायचं, पुढे जागेचं नाव. तिथून खाली, वर, शेजारी, कुठेही जायला परत तेच. दिवसातून शे-दोनशे वेळा ही ये-जा करावी लागली की माणूस आडवाटा शोधतोच. आणि सरांना पासवर्ड आवडत नसल्यामुळे सहाही जणांचं मशीनवर खातं एकच होतं. त्यामुळे एकाने शोधलेली आडवाट दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची व्हायची.

समुद्रवाली नेहमी फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरच्या पोटात अडकायची. तिने तीन ठिपक्यांची आज्ञा बनवली होती, ती दिली की दोन मजले वर. चार ठिपके दिले की तीन मजले. नकाशेवाले आजोबा 'पुशडी' वापरायचे. ही आज्ञा जिथून निघालो ती जागा एका ढिगावर ठेवून पुढे जाते, आणि 'पॉपडी' म्हटलं की ढिगावरची सगळ्यात वरची जागा उचलून तिथे परत नेते. आजोबा ठेवायचे फार, उचलायचे कमी. संध्याकाळी त्यांचा ढीग वीस-पंचवीस जागांचा झालेला असायचा आणि ते विचारायचे, "मी सकाळी कुठून निघालो होतो गं?"

आखूडरावांच्या आडवाटा दोन. एक म्हणजे 'सीडी'पुढे नुसती आडवी रेघ: आत्ता जिथे आहात तिथून, या आधी जिथे होतात तिथे. परत तीच आज्ञा दिली की पुन्हा इकडे. दोन जागांच्या मध्ये झोपाळ्यासारखं. दुसरी म्हणजे यादी. मशीनला त्यांनी चार-पाच महत्त्वाच्या जागांची यादी देऊन ठेवली होती. तुम्ही कुठेही असा, 'सीडी उतार' म्हणा. मशीन त्या यादीतल्या जागांमध्ये 'उतार' नावाचं फोल्डर शोधायचं आणि तुम्हाला थेट नेऊन सोडायचं. या दोन्ही आडवाटांनी गेलं की कुठे येऊन पोचलात तो पूर्ण पत्ता मशीन एका ओळीत छापायचं. ती ओळ कोणी वाचत नसे. घरी जाताना रस्त्यावरच्या पाट्या कोण वाचतं?

माणसं गेली, आडवाटा राहिल्या. तिची बोटं अजून सगळ्यांच्या वापरत होती. तीन ठिपके टाईप केले की क्षणभर समुद्रवालीचं मोठ्याने शिंकणं आठवायचं. ढीग रचला की आजोबा. आणि आडवी रेघ दिवसातून इतक्यांदा द्यावी लागायची की आखूडराव गेले असं धड वाटायचंच नाही, खोलीत मान वळवून बघेपर्यंत.

काम होतं उताराचं. शहराच्या मागच्या टेकडीचा उतार खाली सरकत होता. सगळ्याच टेकड्या थोड्याफार सरकतात. ही वर्षाला दोन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपलं नख तीन आठवड्यांत वाढतं तेवढी. उतारावर ठिकठिकाणी काँक्रीटचे चौदा बुटके खांब होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर उपग्रहांचे संकेत टिपणारा पांढरा डबा. डब्यातली मापं मशीनवर यायची, त्यातून सरकण्याचा वेग काढायचा आणि वर्षातून दोनदा पालिकेला कळवायचा. नियम साधा होता. वेग वर्षाला दहा मिलिमीटरच्या वर गेला की वरची आळी रिकामी करायची. वरच्या आळीत सात घरं. शेवटचं घर तिच्या मावशीचं.

या शहरात तिचं म्हणावं असं तेवढं एकच दार होतं. आई गेल्यापासून तर जास्तच. सोमवार ते शनिवार तिचं बोलणं दुकानदाराशी, घरमालकिणीशी आणि स्क्रीनशी व्हायचं. पैकी स्क्रीनशी सगळ्यात मोकळेपणाने. रविवारी मात्र ती आळी चढून वर जायची आणि संध्याकाळपर्यंत आठवड्याचं साचलेलं बोलून यायची.

त्या शुक्रवारी तिने वर्षअखेरीचा वेग काढला. या वर्षाच्या फोल्डरमध्ये उभी राहून तिने आधी आतलं 'उतार' हे फोल्डर नुसतं पाहून घेतलं. नव्या डब्यांची मापं नीट येत होती, रोजची फाईल रोज. मग ती 'सीडी उतार' करून आत गेली आणि आखूडरावांचा हिशोबाचा प्रोग्रॅम चालवला. आखूडरावांचाच तो, त्यामुळे फक्त एक ओळ छापायचा. वेग आणि त्याची चूक, बस. दोन पूर्णांक तीन आणि काहीतरी. सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालातही दोन पूर्णांक तीनच गेला होता. तिने स्क्रीन बंद केला आणि जिन्यावरून शिट्टी वाजवत उतरली. शिट्टी तिला येत नसे. हवाच जास्त निघायची.

रविवारी मावशीने दार उघडलं तेच विचारत.

"आली का मोजपट्टी! सांग, किती घसरलो आम्ही?"

"सव्वादोन मिलिमीटर. थोडं वर."

"वर्षभरात? तुझे काका, देव त्यांचं भलं करो, एका भांडणात याहून जास्त घसरायचे."

"मावशी!"

"खोटं आहे का? बस. चपला राहू दे तशाच, फरशी पुसायचीय अजून."

मावशी सत्तरीची, काटक, आणि एका जागी बसून बोलणं तिला माहीत नव्हतं. ती ओट्याशी, मग खिडकीशी, मग पुन्हा ओट्याशी, आणि बोलणं तिच्या मागोमाग घरभर.

"लेकाचा फोन होता. तिकडची खोली अजून धरून ठेवलीय म्हणे माझ्यासाठी. भाडेकरू मागं लागलाय. येतेस का, नाहीतर देऊन टाकतो म्हणाला. मी म्हटलं, थांब रे बाबा, माझ्या भाचीचं मोजून होऊ दे."

"मग आता कळव त्याला."

"कळवते ना. तिथे जाऊन करू काय मी? दोघं दिवसभर बाहेर, नातू कानात ती गाण्यांची बोंडं घालून बसलेला. बोलायचं झालं तर भिंतीशी." ती खिडकीकडे वळली. "इथे निदान रविवारी तू असतेस."

"मी कुठे जाणार आहे?" ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

हात धुवायला ती मागच्या खोलीत गेली. त्या खोलीचं दार पूर्वी आवाज करायचं. आज ते निमूट उघडलं. दाराच्या वरच्या कडेला रंग नव्हता. कोऱ्या लाकडाचा बोटभर रुंद पट्टा, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला. तिने त्यावरून बोट फिरवलं. रंधा मारलेला होता, तोही हल्लीच.

"दार रंधून घेतलंस का गं?"

"अगं ओल धरतं ते." मावशीचा आवाज स्वयंपाकघरातून, जरा जास्तच चटकन आला. "अडकायला लागलं होतं. सुतार आळीत आलाच होता, म्हटलं घे मारून."

ओलीने फुगलेलं दार सगळीकडून सारखं घासलं जातं. एकाच कोपऱ्यात अडकणारं दार म्हणजे चौकट तिरकी झालेली. हे तिला शिकवायची कोणाला गरज नव्हती. तिने हात धुतले आणि ते ओले तसेच धरून क्षणभर उभी राहिली. मग तिने मनाशी आकडा म्हटला, दोन पूर्णांक तीन, आणि हात पुसले. जुनं घर आहे, जुनी लाकडं आहेत. चहा झाला होता.

सोमवारी सकाळी ती फळ्यापाशी गेली. सहा महिन्यांपूर्वी आनंदाच्या भरात तिने मधल्या अहवालाचा वेग स्क्रीनवर होता तसाच, सगळ्या आकड्यांसकट फळ्यावर लिहून ठेवला होता: २.३१७. पुसायला कोणी नव्हतं, म्हणून राहिला होता. त्याच्याखाली आजचा लिहावा म्हणून तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि वाचून लिहिला.

२.३१७.

खडू हातात धरून ती दोन पावलं मागे आली.

वर दोन-तीन-एक-सात, खाली दोन-तीन-एक-सात. पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय सुरेख जुळलंय. पण मोजणाऱ्याला हे असं जुळणं आवडत नाही. तुम्ही एकच टेबल त्याच पट्टीने दोनदा मोजा, तिसऱ्या आकड्यात फरक पडतो. इथे तर सहा महिन्यांची नवी मापं मध्ये पडली होती, डबे तापले होते, गार झाले होते, पाऊस झाला होता. आणि उत्तर केसभरही हललं नव्हतं. याचा अर्थ टेकडी स्थिर आहे असा होत नाही. याचा अर्थ नवी मापं हिशोबात आलीच नाहीत असा होतो.

तिला पहिल्यांदा जे वाटलं ते असं, की हा खालचा आकडा आपण लिहिलाच नसता तर बरं झालं असतं.

शोधायला मात्र फार वेळ लागला नाही. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी प्रत्येक ओळ वाचत. या वर्षाच्या फोल्डरमध्ये उभी राहिली. 'उतार'मध्ये काय आहे ते विचारलं: नव्या फायली, कालपर्यंतच्या. मग 'सीडी उतार'. मशीनने पत्ता छापला. ती ओळ तिने गेल्या पाच वर्षांत किती हजार वेळा न वाचता सोडून दिली असेल कोण जाणे. आज वाचली. पत्त्यात हे वर्ष कुठेच नव्हतं. तो जुन्या 'उतार'चा पत्ता होता, जुन्या डब्यांची मापं असलेल्या, गेल्या वर्षाअखेर बंद झालेल्या फोल्डरचा.

जानेवारीत नवे डबे बसले तेव्हा तिनेच या वर्षाच्या फोल्डरमध्ये त्यांच्यासाठी 'उतार' नावाचं नवं फोल्डर केलं होतं. दुसरं काय नाव देणार? पण 'सीडी' म्हटलं की मशीन पायाखाली बघण्याआधी आखूडरावांची यादी बघत होतं, आणि यादीत जुना 'उतार' सापडत होता. सापडला की पुढे बघायचं कारणच नाही. बघताना ती खऱ्या फोल्डरमध्ये बघत होती. जाताना भलतीकडेच जात होती. पूर्ण वर्षभर.

तिने आखूडरावांना फोन लावला. ते आता एका बँकेत होते.

"बोल. थोडक्यात."

"थोडक्यात म्हणजे, तुमच्या यादीने मला वर्षभर चुकीच्या घरी नेलं."

ते म्हणाले, "चालू फोल्डरचा ठिपका नाहीये तिच्यात."

"तेच विचारतेय. का नाहीये? यादीत पहिला एक ठिपका टाकला असता तर मशीनने आधी पायाखाली बघितलं असतं."

"अगं, तेव्हा 'उतार' एकच होता. एकच आहे म्हटल्यावर कशाला टाकायचा? एक अक्षर वाचलं."

"एक अक्षर."

"हं." त्यांनी खाकरून घेतलं. "आणि ती छापून येते ती ओळ वाचायची असते."

"तुम्ही वाचायचात?"

"मी कशाला वाचतोय!"

दोघंही हसले, आणि हसणं अर्ध्यात थांबलं. मग त्यांनी विचारलं, "कोण कोण आहे गं आता तिथे?"

"मी."

"आणि?"

"आणि तुमची यादी."

"इथे सगळं माऊसने करतात," ते म्हणाले. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. त्यात घाई नव्हती. "चार वेळा टिचक्या मारायच्या मग एक फाईल. आडवाट शोधली तर कोणाला सांगायची, हा प्रश्न आहे. शेजारचा म्हणतो, असू दे ना साहेब." मागून त्यांना कोणीतरी हाक मारली. "हे बघ, यादीला हात लावू नकोस आत्ता. पूर्ण पत्ता टाईप कर, पहिल्या अक्षरापासून. एकदा झिजव बोटं. आणि आकडा काय येतो ते कळव."

"तुम्हाला?"

"का, कळवू नये असं काही आहे का?" आणि फोन ठेवला. आखूडच.

ती टाईप करत होती तोवर फोन पुन्हा वाजला. मावशी.

"कामात आहेस का? थोडंच बोलते. सांगितलं गं लेकाला. म्हटलं, मी येत नाही, दे खोली भाड्याने. आधी गुरगुरला. मग म्हणाला, तुझी भाची काय देव आहे का? मी म्हटलं, देव नाही, पण ती मोजते." मावशी हसली. "गप्पच बसला. आज संध्याकाळी करार करतोय म्हणे भाडेकरूशी. वर्षाचा."

"मावशी, त्याला सांग की..."

"काय?"

"काही नाही. नंतर फोन करते मी."

"घसा बसलाय का तुझा? गरम पाणी पी."

स्क्रीनवर पत्ता पूर्ण लिहून झाला होता. त्याच्या शेवटी ती खूण लुकलुकत होती. एन्टर दाबायचं राहिलं होतं.

न दाबताही अहवाल जाऊ शकत होता. दोन पूर्णांक तीन लिहायचं, सरांकडे पाठवायचं, सर सही पाठवणार. पालिकेला हाच आकडा ओळखीचा होता, त्यांना आवडलाही असता. हिशोब तपासायला दुसरं टेबल नव्हतं. आणि प्रोग्रॅमने खोटं सांगितलं असंही कोणाला म्हणता आलं नसतं. त्याने विचारलेल्या फोल्डरचं बरोबर उत्तर दिलं होतं. रविवार शाबूत राहिला असता. तिने या सगळ्याचा नीट, क्रमाने विचार केला, जसा ती कशाचाही करायची, आणि त्या विचाराला चूक म्हणावी अशी एकही जागा तिला सापडली नाही, एक सोडून. वरच्या आळीत मावशीचं एकच घर नव्हतं. तिसऱ्या घरातल्या बाई दर महिन्याला खांबापाशी जाऊन पांढऱ्या डब्यावरची धूळ पुसायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. "आमच्यासाठीच लावलाय ना तो," असं एकदा म्हणाल्या होत्या. आणि मावशीच्या दाराचा तो कोरा पट्टा, एका टोकाला रुंद.

तिने एन्टर दाबलं. मग कुठे आलो ते मशीनला मुद्दाम विचारलं, उत्तरातलं प्रत्येक अक्षर वाचलं, आणि मग प्रोग्रॅम चालवला.

एक ओळ आली. ती वाचून झाल्यावर तिने चौदाही खांबांचा वेग वेगळा काढला. खालच्या आळीचे खांब पूर्वीसारखेच होते. वरचे नव्हते.

तिने फळा पुसला नाही. कुलूप लावलं आणि भर दुपारी आळी चढायला लागली.

"अगं आज सोमवार ना?" मावशी दारात पीठ लागलेल्या हातांनी. "मेलं का काय तुझं मशीन?"

"मशीन ठीक आहे. आकडा चुकला होता."

"कोणाचा?"

"माझा. मी जुनाच उतार मोजत होते, मावशी. वर्षभर. नवीन मोजलाच नव्हता."

मावशी आत गेली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. ती एका जागी उभी राहिलेली भाचीने प्रथमच पाहिली.

"किती आहे ते नको सांगूस मला. मला ते मिलिमीटर कळत नाहीत. दहाच्या आत की बाहेर, तेवढं सांग."

"बाहेर."

"बरं." मावशीने गॅस बंद केला. त्यावर काही ठेवलेलं नव्हतं. "म्हणजे दार ओलीने नव्हतं अडकत."

"तुला माहीत होतं."

"दार अडकतंय एवढं माहीत होतं. का अडकतंय ते सांगायला तू आहेस ना? तू म्हणालीस सव्वादोन, मी म्हटलं ओल असेल." तिने खुर्ची ओढली. "बस. उभी राहून रडू नकोस, उंच दिसतेस."

"मी रडत नाहीये."

"मग बसून नको रडूस."

दोघी बसल्या. खिडकीतून खांब दिसत होता आणि त्याच्या डोक्यावरचा पांढरा डबा. त्यावर एक चिमणी बसली होती. तिच्याकडे बघून बघून मावशी म्हणाली, "तिचं वजन धरता का तुम्ही हिशोबात?"

"नाही."

"धरायला हवं."

मग मावशीने लेकाला फोन लावला. करार करू नकोस म्हणाली. पलीकडून बराच वेळ बोलणं आलं, ते तिने फोन कानापासून दूर धरून ऐकलं. "हो, मोजलं तिने," ती शेवटी म्हणाली. "मोजलं म्हणूनच म्हणतेय. आणि हे बघ, तुझ्या त्या नातवाच्या कानातली बोंडं माझ्यासमोर काढायची. नातू माझा आहे, मुलगा तुझा. तेच ते. ठेव आता."

फोन ठेवून ती भाचीकडे वळली.

"आणि तू? तू काय करणार रविवारी?"

"मोजेन काहीतरी."

"माणसं मोज जरा. त्या खोलीत किती आहेत?"

मावशी उठून ओट्याशी गेली.

"किती दिवस देतात घर सोडायला?"

"पालिका ठरवेल. बहुतेक महिना. वरच्या तीन घरांना कमी."

"मग महिनाभर तरी रोज जेवायला ये. रविवारची वाट कशाला बघायची? जा, आधी ते पाठवून ये. तुझं तोंड बघवत नाही. आणि आळीतल्यांना मी सांगते. पालिकेच्या कागदाने कळण्याआधी माणसाने सांगावं. तिसरीला आधी सांगते. डबा पुसायची ती."

उतरताना तिला प्रत्येक घराच्या दाराकडे बघावंसं वाटलं. सातही दारं होती तशीच होती. दोन उघडी, बाकी लावलेली.

खोलीत आल्यावर तिने अहवाल नव्याने लिहिला. पहिल्या परिच्छेदात तिने स्वच्छ लिहिलं, की सहा महिन्यांपूर्वी कळवलेला वेग गेल्या वर्षीच्या मापांवरून काढला गेला होता, तो चुकीचा आहे आणि रद्द समजावा. कारण एका वाक्यात दिलं. आखूडरावांचं नाव घातलं नाही. सरांना फोन करून सांगितलं की सही करण्याआधी वाचा. सर म्हणाले, "मी वाचतोच." ती म्हणाली, "आज नक्की वाचा." तासाभराने सही आली, आणि सहीच्या बाजूला, पहिल्यांदाच, एक बरोबरची खूण.

यादीत तिने पहिला ठिपका टाकला. मग या वर्षाच्या फोल्डरमधून 'सीडी उतार' करून पाहिलं. या वेळी ते पायाखालीच सापडलं, म्हणून मशीनने काही छापलं नाही. ती जिथे जायचं तिथेच होती.

पालिकेला पाठवण्याआधी तिने तक्ता एकदा शेवटचा वाचला, वरून खाली, एकेक ओळ. शेवटची ओळ अशी होती:

खांब क्रमांक चौदा, वरची आळी, शेवटचं घर: खाली सरकण्याचा वेग वर्षाला १३.८ मिलिमीटर, अधिक-उणे ०.७.